घोडा कोणाचा?

अमेरिकेत घोड्याची मांसासाठी कत्तल होऊ द्यावी की नाही, हा वाद गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे. मराठी साहित्याच्या अध्यापिकेने त्यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. कारण एवढेच की, हा वाद मला वर्गात भेटला. एम. ए. च्या विद्यार्थ्यांना रशियन रूपवाद शिकवताना श्क्लोव्हस्कीची अपरिचितीकरणाची संकल्पना येते. १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने त्यासाठी जे ठळक उदाहरण घेतले, ते टॉलस्टॉयच्या 'खोलस्तोमेर' या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कथेचे. कथेचा बराच भाग एक म्हातारा घोडा सांगतो. माणसांच्या चालीरीती त्याला चमत्कारिक वाटतात आणि म्हणून आपल्यालाही त्या नव्याने दिसू लागतात. हा तास मी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत घेत आले आहे. मागे एकदा एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "मॅडम, पण त्या घोड्याला शेवटी कापतात. त्याबद्दल लेखकाचं काय म्हणणं आहे?" मी तंत्राविषयी बोलत होते आणि ती कत्तलीविषयी विचारत होती. 'तो आपला आजचा विषय नाही' असे उत्तर देऊन मी तास पुढे नेला. त्या उत्तराची मला नंतर लाज वाटली. पुढे काही दिवस मी अमेरिकेतील या वादाविषयी जे मिळेल ते वाचत राहिले. प्रस्तुत टिपण त्या वाचनातून आलेले आहे, आणि त्यात माझे मत मी लपवणार नाही.

वादाला भावनिक धार आली ती 'फर्डिनंड' नावाच्या घोड्यामुळे. १९८६ ची केंटकी डर्बी त्याने जिंकली. त्या दिवशी त्याच्या पाठीवर बसलेले बिल शूमेकर ५४ वर्षांचे होते आणि प्रशिक्षक चार्ली व्हिटिंगहॅम ७३ वर्षांचे. दोन वृद्धांनी आणि एका तरुण घोड्याने जिंकलेली ही शर्यत अमेरिकेत अजून आठवली जाते. पुढच्या वर्षी तो देशातला वर्षातील सर्वोत्तम घोडाही ठरला. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर त्याला प्रजोत्पादनासाठी ठेवले. त्याची शिंगरे काही चमकली नाहीत. १९९४ साली तो जपानला विकला गेला, तिथेही त्याला मागणी राहिली नाही, आणि २००३ साली एका अमेरिकन शर्यतविषयक नियतकालिकाने शोध घेतला तेव्हा उघड झाले की, बहुधा आदल्या वर्षीच त्याची रवानगी कत्तलखान्यात झाली होती. याआधी, १९९७ साली, 'एक्सेलर' या तितक्याच नामांकित घोड्याचा स्वीडनमध्ये असाच शेवट झाला होता. पण लोकक्षोभ उसळला तो फर्डिनंडच्या बातमीने.

हा क्षोभ खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच काळात अमेरिकेतील कत्तलखान्यांतून वर्षाला हजारो घोडे कापले जात होते, आणि त्यांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नव्हते. साहित्याच्या माणसाने इथे थोडे थांबावे. घोड्याला नाव द्यायला माणसाला शिकवले ते पुष्कळसे साहित्याने. महाराणा प्रतापांचा चेतक आपल्या मनात आहे तो कवनांमुळे. इंग्रजी वाचकाला गाडीच्या घोड्याची वेदना कळली ती ॲना स्यूएलच्या 'ब्लॅक ब्यूटी'मुळे, म्हणजे १८७७ साली. पण नाव दिले की एक घोडा वेगळा निघतो आणि बाकीचे 'घोडे' या अनेकवचनात आणखी खोल जातात. अमेरिकेत पुढे झालेला कायदा मला या अनेकवचनाची शोकांतिका वाटतो.

कायद्याची हकीकत थोडक्यात अशी. २००६ साली अमेरिकेत घोडे कापणारे तीनच कत्तलखाने उरले होते: दोन टेक्सासमध्ये, कॉफमन आणि फोर्ट वर्थ इथे, आणि एक इलिनॉयमधील डीकॅल्ब इथे. तिन्हींचे मालक युरोपीय आणि मांस जाई तेही मुख्यतः युरोपात. कॉफमन हे छोटे गाव. तिथल्या महापौर पॉला बेकन यांची तक्रार वेगळीच होती: गटारांत रक्त तुंबते, दुर्गंधी सुटते, आणि कत्तलखान्याकडून गावाला मिळते काय तर नाममात्र कर. (महापौरबाईंचे आडनाव इंग्रजी वाचकांना गंमतीचे वाटले असणार.) २००५ साली अमेरिकन काँग्रेसने घोड्यांच्या मांसाची तपासणी करणाऱ्या सरकारी निरीक्षकांच्या पगाराचे पैसे अडवले. म्हणजे कत्तलीवर थेट बंदी नाही, पण निरीक्षक नाही, शिक्का नाही, आणि शिक्का नाही म्हणून विक्री नाही. पळवाट म्हणून कत्तलखान्यांनी तपासणीचा खर्च स्वतः द्यायचे ठरवले. मार्च २००७ मध्ये न्यायालयाने तीही बंद केली. टेक्सासमध्ये घोड्याचे मांस माणसांसाठी विकण्यास मनाई करणारा १९४९ चा विस्मृतीत गेलेला कायदा होता. जानेवारी २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो जिवंत असल्याचे सांगितले. इलिनॉयने त्याच वर्षी मे महिन्यात नवा कायदा केला. २००७ संपण्यापूर्वी तिन्ही कत्तलखाने बंद झाले होते.

इलिनॉयच्या कायद्याविरुद्धचे अपील ज्यांच्यासमोर आले ते न्यायाधीश रिचर्ड पोस्नर. 'लॉ अँड लिटरेचर' हा कायदा व साहित्य यांच्या संबंधांवरील त्यांचा ग्रंथ काही वाचकांच्या परिचयाचा असेल. सप्टेंबर २००७ च्या निकालपत्रात त्यांनी प्राणिसंग्रहालयातील एका सिंहाचे छायाचित्र छापले आहे, त्याच्यापुढे वाढदिवसाचा म्हणून घोड्याच्या मांसाचा केक ठेवलेला! घोड्याचे मांस माणसांनीच खायचे असते असे नाही, एवढे दाखवण्यापुरते. निकाल मात्र त्यांनी कायद्याच्या बाजूने दिला, आणि देताना जे मान्य केले ते फार महत्त्वाचे आहे. या कायद्यामुळे एकही घोडा अधिक जगला नाही तरी, मृत देहाचे काय केले जाते याविषयीची किळस व्यक्त करण्याचा राज्याला अधिकार आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे कायद्याचा विषय किळस आहे, घोडा नाही. इतक्या स्वच्छपणे हे कोणा कार्यकर्त्याने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि एकही घोडा अधिक जगला नाही ही केवळ न्यायाधीशाची कल्पना राहिली नाही. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेचा अहवाल जून २०११ मध्ये आला. वरातीमागून घोडे म्हणतात ते अक्षरशः. २०१० साली सुमारे १ लाख ३८ हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा व मेक्सिकोत नेले गेले. बंदीपूर्वी, २००६ साली, देशात व देशाबाहेर मिळून कापल्या गेलेल्या घोड्यांची संख्या जवळजवळ तेवढीच होती. २००६ ते २०१० या काळात कत्तलीसाठी कॅनडात होणारी निर्यात १४८ टक्क्यांनी वाढली आणि मेक्सिकोत होणारी ६६० टक्क्यांनी. प्रवास लांबला. अमेरिकन नियम असा की, कत्तलीसाठी नेल्या जाणाऱ्या घोड्याला सलग २८ तासांपेक्षा अधिक काळ अन्नपाण्याविना ठेवू नये. हा नियमही सरहद्दीशी संपतो. मेक्सिकोतील जुआरेझ येथील कत्तलखान्यात आखूड सुरीने मणक्यात वार करून घोड्याला आधी लुळे केले जाते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांतून जगाला कळले. कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीच्या चौकशा २००५ मध्ये ९७५ होत्या, त्या २००९ मध्ये १५८८ झाल्या. यात २००८ च्या मंदीचा वाटा मोठा असणार, आणि बंदीचे समर्थक तो दाखवून देतात ते योग्यच आहे. पण मंदीने घोडे मेक्सिकोला नेले नाहीत. ते नेले ते तिथले दार उघडे होते म्हणून.

या आकड्यांवर बोट ठेवून दुसरा पक्ष म्हणतो: पाहा, कत्तलखाने पुन्हा उघडा. २०११ च्या अखेरीस निरीक्षकांवरील आर्थिक बंदी उठली, न्यू मेक्सिकोतील रॉसवेल इथे एक कत्तलखाना तयारही झाला, त्याविरुद्ध दावे झाले, त्यांत अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड सहभागी होते, आणि जानेवारी २०१४ मध्ये बंदी परत आली. पुढे ती अर्थसंकल्पातून वर्षावर्षाने नव्याने घातली गेली. कायमस्वरूपी कायद्याची विधेयके मात्र मांडली गेली आणि पडून राहिली.

दोन्ही पक्षांची भाषा पाहण्यासारखी आहे. किंबहुना आमच्यासारख्यांना बोलायचा अधिकार असलाच तर तो इथेच. कत्तलीचे समर्थक 'स्लॉटर' हा शब्द टाळतात. ते 'प्रोसेसिंग' म्हणतात, 'हार्वेस्ट' म्हणतात, म्हणजे कापणी. मराठीला हे सौम्यीकरण साधणार नाही. आपण पीकही कापतो आणि बकराही कापतो, आपल्या क्रियापदाला लपायला जागाच नाही. विरोधकांचा आवडता शब्द 'कम्पॅनियन', सोबती. हा सोबती मनुष्याबरोबर साधारण चार-सहा वर्षे शर्यतीत धावतो आणि नंतर वीस वर्षे जगू शकतो. सोबत कुठल्या वर्षापर्यंतची, ते शब्दात सांगितलेले नसते.

परंतु सर्वांत बोलका शब्द तिसरा आहे, आणि तो दोन्ही पक्ष वापरतात. २००५ साली अमेरिकेतील अश्ववैद्यकांनी एक बैठक भरवली, तिच्या विषयाला नाव दिले 'अनवाँटेड हॉर्स'. पुढे या नावाने संस्थात्मक कामही उभे राहिले. मराठीत म्हणायचे तर 'नकोसा घोडा'. इंग्रजी रूपात कर्ता गाळता येतो. घोडा नकोसा असतो, जसा तो काळा किंवा तांबडा असतो. मराठीत 'नकोसा' म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कोणाला? आपल्याकडे हा शब्द माणसांच्या नावातही आला होता. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. घोड्याची आणि मुलीची तुलना मला करायची नाही, ती अश्लाघ्य ठरेल. नकोसेपण ही त्या जिवाची खूण नसते, नको म्हणणाऱ्याची असते, एवढेच त्या समारंभाच्या बातम्या वाचताना जाणवले होते आणि इथे ते आठवले.

घोड्याचे मांस खाणे मुळात रानटी आहे, हा मुद्दा मी फारसा गंभीरपणे घेत नाही. ७३२ साली पोप तिसऱ्या ग्रेगरीने जर्मनांना ते खाण्यास मनाई केली, इ. स. १००० च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारताना काही काळ ते खाण्याची सवलत राखून ठेवली. फ्रान्सने १८६६ साली विक्रीला कायदेशीर मान्यता दिली. कझाकांच्या मेजवानीत आजही ते मानाचे आहे. आपण फार दूर जाण्याचेही कारण नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२ वे सूक्त अश्वाच्या बळीचे आहे आणि त्यात मांस शिजवण्याची भांडी आहेत, वाट्याची प्रतीक्षा करणारी माणसे आहेत. त्याच सूक्तात घोड्याची समजूत घातलेली आहे की, हे तुझे मरण नव्हे, तू देवांकडे चालला आहेस. माझ्या मते 'प्रोसेसिंग'पेक्षा हे काव्य कितीतरी श्रेष्ठ आहे. परंतु घोड्याला काही सांगावेसे वाटणे आणि जे सांगायचे ते खरे नसणे, ही अडचण तेव्हापासूनची दिसते.

आता 'खोलस्तोमेर'कडे परत येते. हा घोडा उत्तम वंशावळीचा, पण अबलख. अंगावर पांढरे ठिपके असणे त्या पागेत कमीपणाचे मानत, म्हणून त्याला खच्ची केले गेले. तो मातबर घोड्यांहून वेगाने पळाला, हात बदलत राहिला, सेर्पुखोव्हस्कोय नावाच्या देखण्या सरदाराकडे गेला, आणि पळून गेलेल्या प्रेयसीचा पाठलाग करण्यासाठी त्या मालकाने त्याला इतके दामटले की तो कायमचा बिघडला. एवढे होऊनही त्या मालकावर त्याचा जीव आहे. त्याला जे कळत नाही ते मारणे नव्हे, मालकाचे प्रेम आटणेही नव्हे. त्याला कळत नाही तो 'माझा' हा शब्द. लोक 'माझा घोडा' म्हणतात, पण 'माझा' म्हणणारा त्याला कधी चारा घालत नाही. चारा घालणारा मोतद्दार 'माझा' म्हणत नाही. 'माझी हवा', 'माझे पाणी' म्हणण्याइतकेच त्याला ते विचित्र वाटते. श्क्लोव्हस्कीने हाच उतारा उचलला. त्याने तो तंत्र म्हणून पाहिला आणि आम्ही त्याच्यामागून तसाच शिकवत आलो.

अमेरिकेतील वादाचा सारा भर 'खाणारा कोण' यावर आहे: बेल्जियन, फ्रेंच, जपानी, कोणीतरी परका. 'माझा' म्हणणारा कोण होता आणि तो केव्हा थांबला, हा प्रश्न क्वचितच येतो. घोड्याला दयेचे मरण देऊन त्याची विल्हेवाट लावायला पैसे पडतात. बाजारात दलालाला विकले तर उलट हातात पैसे येतात. सारा व्यापार या दोन रकमांमधल्या फरकावर चालतो. म्हणून कत्तलखाना हा व्यवहार्य, दयाळू पर्याय आहे हे समर्थकांचे म्हणणे मला पटत नाही. दया असती तर ती खर्चाच्या बाजूला दिसली असती. शिवाय हे घोडे अन्न म्हणून वाढवलेलेच नसतात. वेदनाशामक म्हणून त्यांना सर्रास दिले जाणारे फिनाईलब्युटाझोन माणसाच्या अन्नात चालत नाही. २०१३ साली युरोपात गोमांस म्हणून विकल्या गेलेल्या पदार्थांत घोड्याचे मांस सापडले तेव्हा ही भीती पुढे आली, आणि मेक्सिकोतून येणारे असे मांस युरोपीय संघाने २०१५ च्या आरंभापासून बंद केले.

विरोधकांशी माझे भांडण अधिक आहे, कारण ते माझ्या बाजूचे आहेत. सरहद्द उघडी ठेवून देशातले कत्तलखाने बंद करणे म्हणजे नजरेआड करणे. जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'मध्ये बॉक्सर या कष्टाळू घोड्याला नेणारी गाडी येते. तिच्यावर घोडेकापूचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. बेंजामिन गाढवाला वाचता येत असते, पण तो वाचून दाखवतो तेव्हा गाडी निघालेली असते. मग डुकरे खुलासा करतात की, गाडी पशुवैद्याने विकत घेतली आहे, जुनी पाटी रंगवायची राहिली. २००७ नंतर अमेरिकेत पाटी रंगवली गेली, एवढाच मला फरक दिसतो.

गेल्या काही वर्षांत कत्तलीसाठी अमेरिकेबाहेर जाणाऱ्या घोड्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास उतरली आहे. युरोपची बाजारपेठ आकसली हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते: शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची नोंदलेली शिंगरे उत्तर अमेरिकेत २००५ साली ३८ हजारांवर होती, ती आता त्याच्या निम्म्यावर आली आहेत. जन्मालाच कमी आले. फर्डिनंडनंतर काही मालक विक्रीच्या करारात 'नको झाल्यास प्रथम आम्हाला परत' अशी अट घालू लागले, आणि २०१२ पासून निवृत्त घोड्यांचा सांभाळ करणाऱ्या आश्रयस्थानांना निधी देणारी यंत्रणाही शर्यतीच्या धंद्यातून उभी राहिली. घोड्याची नोंदणी होते त्याच दिवशी त्याच्या शेवटाचा खर्च मालकाकडून भरून घ्यावा, आणि निर्यातही थांबवावी. हे दोन्ही एकत्र नसेल तर बंदीला मी बंदी म्हणणार नाही.

हाच न्याय आपल्याकडे लावता येईल का, असे कोणी लगेच विचारील. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि भाकड जनावराचे करायचे काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न तेव्हापासून लटकलेला आहे. इथे मी बिचकते. शर्यतीच्या घोड्याचा मालक हौशी असतो, घोडा ही त्याची चैन असते; थकलेल्या बैलाचा धनी त्या बैलाच्या जोरावरच जगलेला असतो आणि चारापाण्याचा खर्च त्याच्या घरातून जातो. 'माझा म्हणालास ना, मग शेवटपर्यंत सांभाळ' असे त्याला सुनावणे सोपे आहे, विशेषतः महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार जमा होणाऱ्या प्राध्यापकाला. तिथे जबाबदारी कायदा करणाऱ्याने उचलली पाहिजे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो लिहिण्यास माझ्याहून अधिक जाणते लोक आहेत.

पुढच्या वेळी तो तास घेतला तेव्हा मी कथेचा शेवटही वाचून दाखवला. म्हातारा सेर्पुखोव्हस्कोय कर्जबाजारी होऊन त्याच गावी पाहुणा येतो; घोडा त्याला ओळखून खिंकाळतो, त्याला मात्र ओळख पटत नाही. घोड्याला खरूज होते, त्याला कापतात, मांस लांडगीच्या पिलांच्या पोटी जाते आणि हाडे एक शेतकरी गोळा करून वापरायला नेतो. मागाहून मालक मरतो, त्याला उंची गणवेश चढवून पुरतात, आणि त्याच्या देहाचा कोणालाच काही उपयोग होत नाही. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता त्या वर्गात नव्हती. दुसऱ्याच एका मुलाने हात वर केला आणि विचारले की, या गोष्टीत घोड्याला कापायला माणूस बोलावला, त्याचे पैसे कोणी दिले? मी पुस्तक पुन्हा उघडून ते पान शोधू लागले.